७५ टक्क्यांची रेघ आणि पैसा थांबल्यानंतरची वर्षं

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, आता युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास धोरणावर पीएचडी करायची आहे. वाचन भरपूर केलंय आणि वाचूनच डोकं चक्रावलंय. एक शोधनिबंध सांगतो की मागास प्रदेशांना दिलेल्या निधीमुळे तिथल्या दरडोई उत्पन्नाच्या वाढीचा वार्षिक वेग दीड टक्क्याहून जास्तीने वाढला. दुसरा सांगतो की रस्त्यांवर आणि उद्योगांवर ओतलेल्या पैशाचा परिणाम शोधूनही सापडत नाही. तिसरा म्हणतो, काही ठिकाणी झाला, बऱ्याच ठिकाणी नाही. ‘यातलं खरं कुठलं, आणि मी सुरुवात कुठून करू?’

तिन्ही खरे आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टींची वेगवेगळ्या गोष्टींशी तुलना करतात, इतकंच. पण एवढं सांगून तुमची सुटका होणार नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

मी गेली वीसेक वर्षं हेच काम करतो. निविदा भरायची, काम मिळालं की एखाद्या प्रदेशात खर्च झालेल्या निधीचं मूल्यमापन करायचं, अहवाल द्यायचा, पुढची निविदा भरायची. विद्यापीठात बसून हा अभ्यास करणाऱ्यांपेक्षा माझे हात जास्त मळलेत आणि त्यामुळे मतंही थोडी तिरकी झालीत. ते गृहीत धरून वाचा.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९५७च्या रोम कराराच्या प्रस्तावनेत प्रदेशाप्रदेशांतली दरी कमी करण्याची भाषा आहे, पण त्यासाठी प्रादेशिक विकास निधी उभा राहिला तो १९७५मध्ये. १९७३ला ब्रिटन संघात आलं होतं. तिथे शेती कमी, त्यामुळे शेतीच्या अनुदानातून फारसं हाती लागणार नव्हतं. मग दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने पैसा परत जायला हवा होता. म्हणजे या धोरणाचा जन्मच मुळी घासाघिशीतला. १९८८मध्ये, जाक देलोर युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेचे, अध्यक्ष असताना, त्याला आजचा आकार आला: निधी दुप्पट करायचं ठरलं, एकेका प्रकल्पाऐवजी अनेक वर्षांचे कार्यक्रम आले, आणि खर्चाचं मूल्यमापन नियमातच बसलं. माझ्यासारख्यांचा चरितार्थ तिथून सुरू झाला. २०२१ ते २०२७ या कालखंडात ही रक्कम ३९२ अब्ज युरो आहे, संघाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाचा जवळपास तिसरा हिस्सा.

आता मुद्द्याचं. हा पैसा कुणाला जास्त मिळतो? ज्या प्रदेशाचं दरडोई सकल उत्पादन, क्रयशक्तीनुसार मोजून, संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली आहे त्याला. प्रदेश म्हणजे ‘नट्स-२’ नावाचं सांख्यिकी एकक, लोकसंख्या साधारण ८ लाख ते ३० लाख. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०११च्या जनगणनेतला आपला सिंधुदुर्ग जिल्हा, साडेआठ लाखांचा, यात जेमतेम बसेल. ९४ लाखांच्या पुणे जिल्ह्याचे मात्र किमान चार तुकडे करावे लागतील. ७५च्या खाली असलात तर दरडोई निधी कितीतरी पट. वर असलात तर चिल्लर.

संशोधकांना ही रेघ म्हणजे घबाडच वाटलं, आणि का वाटलं हे नीट समजून घ्या. निधीचा परिणाम मोजण्यातली मूळ अडचण अशी की पैसा गरीब प्रदेशांनाच मिळतो. पैसा मिळालेल्या, इटलीच्या गरीब दक्षिणेतल्या कालाब्रियाची न मिळालेल्या, श्रीमंत उत्तरेतल्या लोम्बार्डीशी तुलना केली तर निधीमुळे गरिबी वाढते असाही निष्कर्ष निघेल. पण दहावीत ३४ मार्कांवर नापास झालेला आणि ३६ मार्कांवर काठावर पास झालेला, या दोन पोरांत खरा फरक किती असतो? तसंच ७४ टक्क्यांवरचा प्रदेश आणि ७६ टक्क्यांवरचा प्रदेश. दोघे जवळपास सारखे, पण एकाला निधी मिळाला, एकाला नाही. पुढे दोघांच्या वाटा फाकल्या तर ते श्रेय किंवा दोष निधीचा.

बेकर, एगर आणि फॉन एर्लिख या तिघांनी २०१०मध्ये हेच केलं. १९८९ ते २००६ या तीन कालखंडांचे आकडे घेतले आणि वाढीचा वेग वर्षाला सुमारे १.६ टक्के-अंकांनी जास्त भरला. रोजगारावर मात्र त्यांना परिणाम दिसला नाही. तुम्ही वाचलेला पहिला निबंध बहुधा हाच. त्याच तिघांनी २०१३मध्ये पुढचा निबंध लिहिला, तो लोक कमी वाचतात. त्यात त्यांनी स्वतःच्याच सरासरीची फोड केली, तेव्हा दिसलं की निधी घेणाऱ्या प्रदेशांपैकी जेमतेम ३० टक्क्यांना त्याचं वेगवान वाढीत रूपांतर करता आलं. ज्यांना आलं तिथे मनुष्यबळ शिकलेलं होतं आणि कारभार बरा होता. तुमचा पहिला आणि तिसरा निबंध इथे एकमेकांना भेटतात. दुसरा बहुधा रोद्रीगेझ-पोसे आणि फ्रातेसी यांचा, २००४चा. त्यांनी पैसा कशावर खर्च झाला ते वेगळं काढलं, तर मध्यम मुदतीत फळ देताना फक्त शिक्षण आणि मनुष्यबळावरचा खर्च दिसला.

इथपर्यंत सगळं सुटसुटीत आहे. आता ही रेघ जवळून बघू, कारण जवळून बघितली की ती बरीच वाकडीतिकडी आहे.

पहिली गोष्ट, प्रदेशाची हद्द माणसं आखतात. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. कथलाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या, शेवटची साउथ क्रॉफ्टी १९९८मध्ये. मासेमारी आटली. पण आकडेवारीत कॉर्नवॉल शेजारच्या डेव्हनला जोडलेला होता, आणि दोघांची सरासरी ७५च्या वर. स्थानिक पुढाऱ्यांनी आणि कॉर्निश अस्मितावाल्यांनी आम्हाला वेगळं मोजा म्हणून जोर लावला, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते वेगळे मोजले गेले आणि २०००पासून कॉर्नवॉल सर्वाधिक मदतीच्या गटात. लोक तेच, खाणी त्याच, बंदरं तीच; फक्त नकाशावर एक रेषा नवीन. त्या पैशातून पेन्रिनचा विद्यापीठ परिसर वाढला, गावोगाव वेगवान इंटरनेट गेलं.

वेल्समध्ये तेव्हाच उलटी कसरत झाली. कोळशाच्या दऱ्या आणि ग्रामीण पश्चिम किनारा, यांचा एक प्रदेश केला. उरलेल्या ‘पूर्व वेल्स’मध्ये राजधानी कार्डिफ आली आणि पोविसमधली मेंढ्यांची कुरणंही. कार्डिफच्या बँकांमुळे पोविसचा मेंढपाळ कागदावर सुखवस्तू झाला. पोलंडने हाच डाव २०१८पासून खेळला. वॉर्सा आणि भोवतीचा ग्रामीण माझोव्शे एकत्र मोजले की सरासरी फुगायची, राजधानीच्या श्रीमंतीपायी राडोमसारख्या भागाचं नुकसान व्हायचं. सांख्यिकी प्रदेशाचे दोन तुकडे केले आणि २०२१च्या कालखंडात वॉर्सा विकसित गटात, उरलेला माझोव्शे अविकसित गटात. यात लबाडी नाही. राडोमच्या बाजूने बघितलं तर न्यायच झाला. पण तुमच्या संगणकात ‘रेघेच्या खालचा प्रदेश’ म्हणून जी ओळ येईल, ती काही वेळा रेघेच्या खाली बसावी म्हणूनच आखलेली असते, हे ठाऊक हवं. रेघेच्या दोन्ही बाजूंची पोरं सारखीच, हे गृहीतक इथे डळमळतं. एकाने पेपर पुन्हा तपासायला लावून मार्क बदलून घेतलेत.

दुसरी गोष्ट, सरासरी हलते. २००४मध्ये दहा देश आत आले, बहुतेक गरीब. संघाची सरासरी एका रात्रीत खाली आली आणि स्पेनमधलं अस्तुरियास, इटलीतलं बासिलिकाता, पोर्तुगालचं अल्गार्व्ह असे प्रदेश काहीही न कमावता ७५च्या वर गेले. आयोगाने त्यांना ‘सांख्यिकी परिणामग्रस्त’ ठरवून २००७ ते २०१३ हळूहळू घटता निधी दिला. तुमच्या विषयासाठी हे प्रदेश सोन्यासारखे आहेत, त्यांच्याकडे शेवटी परत येतो.

तिसरी गोष्ट, माप जुनं असतं. २००७च्या कालखंडात कोण पात्र, हे २००० ते २००२च्या आकड्यांवरून ठरलं. नियमाप्रमाणे तो पैसा २०१५ अखेरपर्यंत खर्च करता येत होता. म्हणजे २००१ची गरिबी बघून २०१५मध्ये बिल चुकतं झालं. मधे एक जागतिक मंदी येऊन गेली.

आणि मुळात दरडोई सकल उत्पादन हा आकडाच काय सांगतो? उत्पादन मोजलं जातं कामाच्या ठिकाणी, माणसं मोजली जातात राहत्या घरी. मध्य लंडनच्या पश्चिम भागाचा आकडा २०१७मध्ये संघाच्या सरासरीच्या सहापटीहून जास्त होता, कारण तिथे कमावणारे लाखो लोक संध्याकाळी लोकलने दुसऱ्या प्रदेशात झोपायला जातात. आयर्लंडची गंमत त्याहून मोठी. १९८९मध्ये अख्खा देश मागास गटात होता आणि पुढे तोच या निधीचं यशस्वी उदाहरण म्हणून मिरवला गेला. मग २०१५मध्ये त्याचं सकल उत्पादन एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढलं. कारखाने उभे राहिले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बौद्धिक संपदेचे हक्क कागदोपत्री तिथे हलवले होते. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयालाच शेवटी हा फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं सुधारित माप काढावं लागलं. असा आकडा तुमच्या समीकरणात उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूला गेला की उत्तर बिघडलं.

म्हणून मी तरुण संशोधकांना सांगतो, प्रदेशाच्या सरासरीवरून एक पायरी खाली उतरा. कंपन्यांकडे जा, माणसांकडे जा. तिथे आमच्या धंद्यातले दोन शब्द सारखे कानावर पडतील. एक ‘डेडवेट’, म्हणजे निधी नसता तरी जे झालंच असतं ते. दुसरा ‘डिस्प्लेसमेंट’, म्हणजे इथलं उचलून तिथे ठेवलं.

हा दुसरा शब्द मला पुस्तकात कधी नीट कळला नव्हता. तो कळला दक्षिण इटलीतल्या एका डोंगराळ गावात. निधीतून तिथे नवउद्योजकांसाठी एक केंद्र बांधलं होतं. दारावर संघाच्या बारा ताऱ्यांची निळी पाटी, आत लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना मिळून चौदा खोल्या. किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक वयस्क रखवालदार बरोबर फिरला. अकरा खोल्यांना कुलूप. एका खोलीत संगणक दुरुस्ती, एकीत नकाशे काढणारी दोन मुलं, आणि तिसरीत हिशेबनीस. कार्यक्रमाच्या तक्त्यात या तिघांची नोंद ‘साहाय्यित उद्योग ३, रोजगार ५’ अशी होती. मी हिशेबनिसांना विचारलं, आधी कुठे होता? त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. चौकात चर्चशेजारी एक बंद शटर होतं, त्यावर त्यांच्याच नावाची पाटी अजून लटकत होती. ‘तिथे भाडं तिप्पट आहे,’ म्हणाले. चौकातलं एक दुकान बंद झालं आणि टेकडीवर एक उद्योग ‘निर्माण’ झाला. तक्त्यात चौकातल्या शटरसाठी रकाना नव्हता. रखवालदाराची नोकरी तेवढी खरोखर नवी होती, आणि ती रोजगाराच्या पाचात मोजलेली नव्हती, कारण तो पालिकेच्या पगारावर.

डेडवेटचा उत्तम नमुनाही इटलीतच सापडेल. १९९२च्या कायदा क्रमांक ४८८ खाली दक्षिणेतल्या कंपन्यांना गुंतवणुकीसाठी अनुदान मिळे आणि त्यात युरोपीय निधीचाही वाटा होता. अर्जांना गुण देऊन यादी लागायची, वरून पैसे वाटत यायचे, पैसे संपले की यादी तिथे तुटायची. यादी तुटली की लगेच तुलना तयार: वरचे मिळालेले, खालचे हुकलेले. ब्रोन्झिनी आणि दे ब्लाझियो यांनी ती तुलना केली. अनुदान मिळालेल्यांनी गुंतवणूक वाढवली होती, यात शंका नाही. पण पुढची वर्षं बघितल्यावर त्यांची गुंतवणूक हुकलेल्यांपेक्षा मंदावलेली दिसली. दोन-तीन वर्षांनी घ्यायचंच होतं ते यंत्र त्यांनी अनुदान आहे तोवर घेऊन टाकलं. दिवाळीचा सेल लागला म्हणून पुढच्या वर्षीचे कपडे आत्ताच घ्यावेत, तसं. सेलच्या महिन्यातली विक्री बघून माणसं जास्त कपडे घालायला लागली असं कुणी म्हणत नाही, पण आमच्या कित्येक अहवालांत नेमकं तेच लिहिलेलं असतं.

म्हणजे अनुदानं फुकटच जातात का? नाही. ब्रिटनमध्ये कंपन्यांना मिळणाऱ्या प्रादेशिक अनुदानाचा नकाशा संघाच्या नियमांमुळे ठरावीक काळाने बदलत असे. त्या बदलाचा आधार घेऊन क्रिस्कुओलो, मार्टिन, ओव्हरमन आणि व्हॅन रीनन यांनी २०१९मध्ये दाखवलं की छोट्या कंपन्यांत रोजगार खरोखर वाढला, मोठ्या कंपन्यांत अजिबात नाही. मोठ्यांनी पैसा घेतला आणि आधी ठरवलेलंच केलं. मला हा निष्कर्ष अनुभवाशी ताडून पटतो. मोठ्या कंपनीत अर्ज भरायला वेगळा माणूस असतो. छोट्या कारखान्यात मालक रात्री जेवल्यावर स्वतः तो अर्ज भरतो. त्याला पैशाची गरज नसती तर त्याने तो ताप घेतलाच नसता.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मधेच सांगून टाकतो. २००७ ते २०१३च्या कालखंडाचं अंतिम मूल्यमापन आयोगाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला ‘एका युरोमागे २०२३पर्यंत २.७४ युरोंची भर’ हा आकडा तुम्हाला भाषणांत, पत्रकांत, सगळीकडे दिसेल. तो मोजलेला नाही, प्रतिमानातून, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या गणिती मॉडेलमधून, काढलेला आहे. रस्त्यांवर, प्रशिक्षणावर खर्च केला की उत्पादकता अमुक इतकी वाढते, हे प्रतिमानात आधी घालावं लागतं. मग ते वाढ दाखवतं. कालाब्रियातला रखडलेला रस्ता आणि वेळेत झालेला रस्ता, प्रतिमानाला दोन्ही सारखे. प्रतिमानं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, पण ‘निधीमुळे काय झालं’ या प्रश्नाचा पुरावा म्हणून तो आकडा तुमच्या प्रबंधात दिसला तर मी परीक्षक म्हणून लाल शाई काढेन.

दुसरी सावधगिरी संघाच्या लेखापरीक्षकांबद्दल. त्यांचे अहवाल वाचाच, फार बोलके असतात. २०१४मध्ये त्यांनी पाच देशांतले निधीतून बांधलेले २० विमानतळ तपासले. ग्रीसमधल्या कास्तोरियाची धावपट्टी मोठ्या विमानांसाठी लांबवली होती आणि त्या जातीचं एकही विमान तिथे कधी उतरलं नव्हतं. वाचताना मजा येते. पण लेखापरीक्षक विचारतो की ठरलं तसं झालं का, वापर होतो का. निधी नसता तर काय झालं असतं, हे त्याचं काम नाही. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा. ओस विमानतळाच्या एका गोष्टीवर अख्खं धोरण फसलं म्हणणारे आणि चकचकीत पुलाच्या एका फोटोवर यशस्वी झालं म्हणणारे, दोघे एकाच माळेचे मणी.

सरकारी मूल्यमापन अहवाल कसे वाचायचे, तेही सांगायला हवं, कारण ते मीच लिहितो. कार्यक्रम राबवणारं कार्यालयच मूल्यमापनाचं काम देतं, पैसेही तेच देतं. मसुदा त्यांच्याकडे जातो आणि शेरे मारून परत येतो. एकदा मी लिहिलं होतं, ‘रोजगारावरील परिणाम मर्यादित आढळला.’ परत आलं तेव्हा शेरा होता: ‘मर्यादित’ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने दिसू लागलेला’ असं म्हणता येईल का? तीन फेऱ्या झाल्या. शेवटी गोषवाऱ्यात त्यांचा शब्द राहिला आणि पान १४०च्या पुढच्या परिशिष्टात माझा तक्ता. कुणी खोटं बोललं नाही. मला पुढचं काम त्याच कार्यालयाकडून हवं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा अहवाल मागून वाचायला घ्या. परिशिष्टातले तक्ते आधी, गोषवारा सगळ्यात शेवटी. आणि ‘रोजगार निर्मिती’च्या रकान्यात एकामागून एक १०, २०, २० असे गुळगुळीत आकडे दिसले, त्यातही अर्जात कबूल केलेले आणि प्रत्यक्ष झालेले तंतोतंत जुळले, तर ओळखा की कुणी कुणाला जाऊन विचारलेलं नाही.

इथे एक विषयांतर, पण तुम्ही महाराष्ट्रातल्या आहात म्हणून. आपल्याकडे प्रादेशिक असमतोलाचा हिशेब वि. म. दांडेकर समितीने १९८४मध्ये मांडला, तो ‘अनुशेष’ या शब्दात. सिंचन, रस्ते, शाळा अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा कुठला जिल्हा किती मागे, आणि ती तूट भरायला किती कोटी लागतील. म्हणजे आपण काय द्यायचं राहिलं ते मोजलं. युरोपने उत्पन्नावरून कुणाला द्यायचं ते ठरवलं आणि दिल्यानंतर काय घडलं ते मोजायचा प्रयत्न केला. विदर्भात अनुशेष भरला असं कागदावर ठरल्यावरही शेतात पाणी आलं का, हा वाद का मिटत नाही, त्याचं एक कारण या मापात आहे. तुमच्या प्रबंधात हे घालू नका, ओढूनताणून होईल. पण मापाची निवड म्हणजेच अर्धं उत्तर, हे समजायला आपलं उदाहरण जवळचं आहे.

आता तुमच्या विषयाबद्दल माझं मत. रेघेच्या खाली गेल्यावर काय झालं, यावर आता पुष्कळ लिहून झालंय. त्यात एक खोट आहे जी फारसं कुणी बोलून दाखवत नाही. एखाद्या प्रदेशात सात वर्षं भरपूर पैसा ओतला तर त्या सात वर्षांत सकल उत्पादन वाढणारच. सिमेंट, मजुरी, ठेकेदाराचा नफा हे सगळं उत्पादनातच मोजलं जातं. तो विकास की नुसता खर्च, हे कळतं पैसा थांबल्यावर.

आणि पैसा थांबलेले प्रदेश आहेत. इटलीतलं आब्रुत्सो १९९६ अखेर मागास गटातून बाहेर पडलं. बारोने, दाविद आणि दे ब्लाझियो यांनी दक्षिणेतल्या इतर प्रदेशांचं मिश्रण करून एक ‘कृत्रिम आब्रुत्सो’ तयार केला, जो गटातून बाहेर पडला नसता तर कसा चालला असता ते दाखवणारा. खरा आब्रुत्सो त्याच्या मागे पडत गेला. म्हणजे निधी असताना जी चाल होती ती निधीचीच होती. इंग्लंडमध्ये साउथ यॉर्कशरने २००६नंतर तो दर्जा गमावला. दि कातालदो यांच्या अभ्यासात तिथली आधीची कमाई टिकली नाही, तर निधी चालू राहिलेल्या कॉर्नवॉलमध्ये बेरोजगारीत सुधारणा दिसली. पण कॉर्नवॉलचाही निधी ब्रेक्झिटनंतर आटला. २०१६च्या मतदानात तिथे ५६ टक्क्यांहून जास्त लोकांनी संघातून बाहेर पडायला कौल दिला होता. ‘खाल्ल्या ताटात छेद’ असं त्यावर पुष्कळ बोललं गेलं, पण क्रेशेन्झी, दि कातालदो आणि जुआ यांनी प्रदेशाच्या हद्दीच्या अलीकडची-पलीकडची गावं तपासली तेव्हा वेगळं दिसलं: पैसा नुसता आला म्हणून मत बदललं नाही, जिथे नोकऱ्यांची स्थिती सुधारलेली लोकांना जाणवली तिथेच विरोध कमी होता. निळ्या पाटीने मत मिळत नाही.

तेव्हा कॉर्नवॉल आणि पश्चिम वेल्समध्ये निधी आटल्यावर काय उरलं, किंवा २००७पासून घटता निधी मिळालेलं अस्तुरियास, बासिलिकाता, अल्गार्व्ह आज कुठे आहेत, हा तुमचा प्रश्न असावा असं मला वाटतं. प्रदेशाच्या सरासरीवर थांबू नका. त्या काळात प्रशिक्षण घेतलेली माणसं आज कुठे काम करतात, अनुदान घेतलेल्या किती कंपन्या दहा वर्षांनी चालू आहेत, इथपर्यंत जा. निवडायला सांगितलंत तर मी बासिलिकाता घेईन. लोकसंख्या कमी, प्रकल्प मोजता येण्याजोगे, आणि शेजारी पुलिया आणि कालाब्रिया हे निधी चालू राहिलेले प्रदेश तुलनेला हाताशी.

आकडे कुठून? प्रदेशाचे युरोस्टॅटवर, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे, आहेत. आयोगाच्या ‘कोहेसिओ’ या संकेतस्थळावर प्रकल्पवार नोंदी मिळतात, पण त्या मुख्यतः २०१४नंतरच्या. इटलीचं तसंच ‘ओपनकोएझिओने’ हे संकेतस्थळ २०१२पासून चालू आहे आणि माझ्या मते युरोपात सर्वांत उपयोगी: कुठल्या गावात, कुठल्या कामाला, किती मंजूर, किती खर्च, सगळं उतरवून घेता येतं. तिथल्या शाळांतली मुलं एकेक प्रकल्प निवडून तो झाला का ते जाऊन बघतात, त्यांचे अहवालही वाचण्यासारखे असतात. काही आमच्यापेक्षा बरे.

हे सगळं जरा घाईने करा. जुलै २०२५मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४साठी जो प्रस्ताव मांडलाय त्यात शेतीचा आणि प्रदेशांचा पैसा देशागणिक एकेका योजनेत एकत्र करायचं आहे, आणि पैसे ठरलेले टप्पे गाठले की सुटतील, झालेल्या खर्चाच्या बिलांवर नाही. अजून त्यावर भांडणं चालू आहेत. पण तसं झालं तर कुठला युरो कुठल्या प्रदेशात गेला हे शोधणं आजच्यापेक्षा अवघड होईल, आणि ७५ची रेघ राहिली तरी तिच्या खाली नेमकं किती पडलं ते सांगता येणार नाही.

शेवटचं, भाषेचं. बासिलिकाता घेतलंत तर इटालियन शिकायला आजच लागा, बोलण्यापुरती नव्हे, तक्त्याखालच्या तळटिपा वाचण्यापुरती. अहवालाचा गोषवारा इंग्रजीत मिळतो. परिशिष्टांचं भाषांतर कुणी करत नाही. आणि तिथे गेलात की प्रदेशाच्या कार्यालयात जाण्याआधी एखाद्या गावात निळी पाटी शोधा, आत जा, किल्ल्या कुणाकडे असतात ते विचारा.